आठ ऑक्सिजन कमी

नियोबियमचे १६ अणू, टंगस्टनचे ५ आणि ऑक्सिजनचे ५५. अशा संयुगाची रचना १९६५ साली 'ॲक्टा क्रिस्टॅलोग्राफिका' या नियतकालिकात छापून आली. लेखक दोघे होते. रॉबर्ट रॉथ वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधले, तर डेव्हिड वॉड्स्ली मेलबर्नला सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेत. दोन धातूंच्या ऑक्साइडच्या भुकट्या वेगवेगळ्या प्रमाणात मिसळायच्या, भट्टीत भाजायच्या, हाती लागलेल्या स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे आणि आत कोणता अणू कुठे बसला आहे ते शोधायचं, असं ते काम. बॅटरीशी त्याचा काही संबंध नव्हता. लिथियम-आयन बॅटरी ही वस्तूच तेव्हा जगात नव्हती.

जुलै २०१८ मध्ये हेच संयुग, आकडेही तेच, 'नेचर'मध्ये आलं. केंब्रिज विद्यापीठातल्या केंट ग्रिफिथ, क्लेअर ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा ॲनोड, म्हणजे बॅटरीची ऋण बाजू, करून दाखवला होता, आणि तो मिनिटांच्या हिशोबात चार्ज होत होता. मधे ५३ वर्षं गेली. या ५३ वर्षांत माणसाने स्फटिकातल्या खोटीकडे बघण्याची नजर बदलली, आणि मला सांगायची आहे ती या नजरेची हकीकत.

आधी एक साधी बेरीज-वजाबाकी. त्या संयुगात धातूचे अणू एकूण २१. ज्या आदर्श मांडणीतून ही रचना निघते, तिच्यात धातूच्या प्रत्येक अणूमागे ऑक्सिजनचे ३ अणू लागतात. म्हणजे हवेत ६३, आहेत ५५. आठ कमी.

घन पदार्थात काहीतरी कमी असणं हे फार काळ दोषाचंच लक्षण मानलं जाई. स्फटिक म्हणजे शिस्त, प्रत्येक अणू आपापल्या जागी. पण मग मिठासारख्या स्फटिकातून तापवल्यावर आयन सरकतात कसे आणि वीज वाहते कशी, याचं उत्तर या शिस्तीत सापडत नव्हतं. १९२६ साली लेनिनग्राडच्या याकोव्ह फ्रेंकेल यांनी ते दिलं. उष्णतेने एखादा आयन आपली जागा सोडून फटीत जाऊन बसतो, मागे रिकामी जागा उरते, आणि हालचाल या दोहोंमुळे होते. १९३० मध्ये जर्मनीत कार्ल वॅग्नर आणि वॉल्टर शॉट्की यांनी त्याला पक्कं गणित दिलं. लहानपणी आकडे सरकवायचा चौकोनी खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. १५ सोंगट्या आणि सोळावं घर रिकामं. त्या रिकाम्या घरात सोळावी सोंगटी बसवली तर चौकट पूर्ण होईल, पण मग एकही सोंगटी हलणार नाही. फ्रेंकेल यांनी स्फटिकात ते सोळावं घर दाखवून दिलं.

पुढचा धागा स्टॉकहोमला सापडतो. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे घराच्या पांढऱ्या रंगात असते ती शुभ्र भुकटी. ती हायड्रोजनच्या प्रवाहात चांगली तापवली तर निळसर, मग काळपट निळी होऊन बाहेर येते. हायड्रोजनने थोडा ऑक्सिजन ओढून नेलेला असतो. ऑक्सिजन जाताना आपल्या वाटचे इलेक्ट्रॉन मागे ठेवतो, काही टायटॅनियम आयन ते घेतात, आणि या उरलेल्या इलेक्ट्रॉनमुळे भुकटीला रंग येतो, विजेलाही वाट मिळते. गेलेल्या ऑक्सिजनच्या जागा स्फटिकात जिथेतिथे विखुरलेल्या असणार, असा सर्वसाधारण समज होता. स्टॉकहोमच्या आर्ने मॅग्नेली यांनी क्ष-किरणांनी बारकाईने पाहिलं तेव्हा चित्र वेगळंच निघालं. आधी मॉलिब्डेनम आणि टंगस्टनच्या ऑक्साइडमध्ये, मग १९५७ मध्ये सहकाऱ्यांसह टायटॅनियमच्या. टायटॅनियम ४ आणि ऑक्सिजन ७, मग ५ आणि ९, मग ६ आणि ११, अशी ठरावीक पायऱ्यांची मालिकाच त्यांना मिळाली.

याचा अर्थ असा की ऑक्सिजन कमी पडला की स्फटिक ती तूट अंगावर विखरून ठेवत नाही. समजा भिंतीतल्या विटांचा एक अख्खा थर काढून घेतला आणि वरची भिंत थोडी बाजूला सरकवून खालच्या थरावर बसवली. पोकळी बुजली, भिंत उभी राहिली, फक्त सांध्याच्या रेषेवर विटांची जोडणी बदलली. स्फटिक हेच करतो. ऑक्सिजनची एक ओळ गायब होते, वरचा भाग सरकून बसतो, आणि टंगस्टनसारख्या ऑक्साइडमध्ये जिथे शेजारचे अष्टफलक, म्हणजे मधे धातूचा अणू आणि भोवती ऑक्सिजनचे ६ अशा आकृत्या, एकमेकांना फक्त कोपऱ्याने चिकटले होते तिथे ते आता कडेने चिकटतात. याला 'स्फटिकी सरक' म्हणता येईल. अशी सरकलेली प्रतलं ठरावीक अंतराने येत राहिली की त्यांना दोष म्हणण्यात अर्थ उरत नाही. ती रचनाच होते.

वॉड्स्ली यांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं या प्रतलांमागे घालवली. नियोबियमच्या ऑक्साइडमध्ये ही सरक एका दिशेने होऊन थांबत नाही, काटकोनातल्या दुसऱ्या दिशेनेही होते. दोन्हीकडून कापलं गेल्यामुळे स्फटिकाचे ठोकळे पडतात. सुरुवातीला सांगितलेल्या संयुगात एकेक ठोकळा ४ बाय ५ अष्टफलकांचा आहे. म्हणजे धातूचे २० अणू झाले. एकविसावा, टंगस्टनचा, चार ठोकळ्यांच्या मधल्या कोपऱ्यात एका छोट्या चतुष्फलकात बसतो. अशाच ठोकळ्यांची जी इतर संयुगं पुढे सापडत गेली, त्या घराण्याला आज वॉड्स्ली-रॉथ असंच नाव आहे.

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी असं मला वाटतं. या संयुगातला विद्युतभाराचा हिशोब चोख जुळतो. नियोबियमचे १६ पंचके ८०, टंगस्टनचे ५ सक ३०, एकूण ११०; समोर ऑक्सिजनचे ५५ दुणे ११०. एकही इलेक्ट्रॉन शिल्लक राहत नाही. निळ्या पडलेल्या टायटॅनियमच्या भुकटीत मात्र इलेक्ट्रॉन शिल्लक असतात. म्हणजे तुटीचे दोन प्रकार झाले. एकीत ऑक्सिजन ओढून नेल्यामुळे जमाखर्च बिघडतो आणि त्या बिघाडातून वाहकता येते. दुसरीत जमाखर्च बिनचूक असतो आणि तूट फक्त बांधणीत दिसते. पुढे बॅटरीवाल्यांनी दोन्ही वापरल्या, पण अनेकदा त्या एकमेकींत मिसळल्या.

१९६६ मध्ये वॉड्स्ली आणि स्वीडनचे स्टेन अँडरसन यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा लेख लिहिला. नियोबियम, टंगस्टन, मॉलिब्डेनम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडमधली स्फटिकी सरक आणि अणूंच्या विसरणाच्या वाटा, असा त्याचा विषय. वाटा हा शब्द वाचून आज अंगावर काटा येतो, कारण पुढे लिथियमच्या संदर्भात नेमका हाच शब्द महत्त्वाचा ठरला. ते बघायला वॉड्स्ली राहिले नाहीत. १९६९ मध्ये, पन्नाशीच्या आसपास, ते गेले.

त्यानंतर दोनच वर्षांनी ही प्रतलं डोळ्यांना दिसली. अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठात काम करणारे जपानी तरुण सुमिओ इजिमा यांनी टायटॅनियम-नियोबियम ऑक्साइडच्या पातळ कपच्याचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून फोटो काढला. टायटॅनियम २, नियोबियम १०, ऑक्सिजन २९. हिशोब केला तर इथे ७ ऑक्सिजन कमी. फोटोत काळ्या ठिपक्यांच्या ओळी आणि ठिपक्यांचे चौकोनी पुंजके दिसतात. ३ बाय ४ असे ते मोजताही येतात. क्ष-किरणांवरून गणिताने काढलेले वॉड्स्लींचे ठोकळे तिथे जसेच्या तसे होते. याच इजिमांनी १९९१ मध्ये कार्बनच्या नॅनोनलिकांवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि जग त्यांना त्यासाठीच ओळखतं. मला त्यांचा १९७१ चा फोटो जास्त मोलाचा वाटतो.

इथपर्यंत बॅटरी नाही. ती येते सत्तरच्या दशकात, तेलटंचाईच्या काळात. एक्सॉन कंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांत लिथियम आत-बाहेर करून दाखवलं, पण समोर ॲनोड शुद्ध लिथियमचा होता. तो धोक्याचा. चार्ज करताना लिथियम सपाट बसत नाही, त्याला सुईसारखे काटे फुटतात, आणि काटा पलीकडे पोचला की आतल्या आत शॉर्ट सर्किट. तेव्हा ॲनोडही असा हवा की लिथियम त्याच्या पोटात शिरेल आणि निघेल. १९८० मध्ये इटलीच्या लाझ्झारी आणि ब्रुनो स्क्रोसाती यांनी तो केला, आणि तो होता टंगस्टन डायऑक्साइडचा. दोन्ही बाजूंना लिथियमला घर देणाऱ्या सुरुवातीच्या घटांपैकी या एका घटात ॲनोड धातूच्या ऑक्साइडचा होता, ही गोष्ट आता फारशी कुणी सांगत नाही.

कारण बाजी मारली कार्बनने. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये पेट्रोलियम कोकचा ॲनोड वापरला, सोनीने १९९१ मध्ये बॅटरी बाजारात आणली, पुढे ग्रॅफाइट आलं आणि आजतागायत आहे. ग्रॅफाइट स्वस्त, एका ग्रॅममध्ये ३७२ मिलिअँपिअर-तास साठवण्याची त्याची कुवत, आणि ते लिथियम घेतं शुद्ध लिथियमपासून जेमतेम ०.१ व्होल्ट अंतरावर, त्यामुळे बॅटरीला भरपूर दाब मिळतो. पण त्याची दुखरी नसही तीच आहे. अंतर इतकं कमी की घाईने चार्ज केलं तर लिथियम आत शिरायच्या ऐवजी पृष्ठभागावरच धातू होऊन साचतं, आणि पुन्हा तेच काटे.

ऑक्साइडवाले दरम्यान गप्प बसले नव्हते. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट कावा आणि डोनाल्ड मर्फी यांचा गट रेनियम ट्रायऑक्साइडमध्ये लिथियम घालून बघत होता. ही ती आदर्श मांडणी, धातूच्या अणूमागे ऑक्सिजनचे ३, एकही कमी नाही. अष्टफलक सगळे कोपऱ्यांनी जोडलेले आणि मधे ऐसपैस पोकळ्या. पण लिथियम शिरलं की अष्टफलक आपापल्या कोपऱ्यांवर वळत आणि ती मोकळी जागा पिळवटून जाई. १९८२ च्या त्या शोधनिबंधावर रॉथ यांचंही नाव आहे. पुढच्याच वर्षी कावा, मर्फी आणि झाहुराक यांनी वॉड्स्ली-रॉथ घराण्यातल्या नियोबियम ऑक्साइडमध्ये लिथियम घातलं, आणि तिथे ही पिळवटणूक झाली नाही.

सैल सांध्यांची लाकडी बाज आठवा. चारही पाय शाबूत असतात, पण अंग टाकलं की ती एका बाजूला तिरपते. तिच्या कोपऱ्यांत आडव्या पट्ट्या ठोकल्या की ती जागची हलत नाही. सरकलेल्या प्रतलांवर कडेने जोडले गेलेले अष्टफलक या पट्ट्यांचं काम करतात. ठोकळ्याच्या आत जागा मोकळी राहते, कडा मात्र घट्ट. उणीव आहे म्हणून बांधणी टिकते, हे प्रयोगाने दिसलं ते १९८३ मध्ये.

आणि तरी ते संशोधन तीसेक वर्षं मागे पडलं. का, ते समजण्यासारखं आहे. नियोबियमची ऑक्साइडं लिथियम घेतात ती साधारण १.६ व्होल्टच्या आसपास, म्हणजे बॅटरीचा तेवढा दाब वाया. सोनीच्या ग्राहकाला हातातला व्हिडिओ कॅमेरा जास्त वेळ चालायला हवा होता. दहा मिनिटांत चार्ज व्हावा असा हट्ट तेव्हा कुणी धरला नव्हता.

नव्वदच्या दशकात सगळा जोर जास्त साठवणुकीवर होता. फुजी फोटो फिल्मच्या संशोधकांनी १९९७ मध्ये 'सायन्स'मध्ये कथिलाच्या काचसदृश ऑक्साइडचा ॲनोड मांडला, ग्रॅफाइटहून कितीतरी जास्त साठवणारा. त्याच वर्षी कोर्टनी आणि जेफ डान यांनी दाखवलं की पहिल्याच चार्जमध्ये ऑक्साइड मोडतं, ऑक्सिजन लिथियमला कायमचा धरून बसतो आणि उरलेलं कथिल फुगत-आकसत राहतं. २००० साली फ्रान्समधल्या आमियाँहून झाँ-मारी तारास्कों यांच्या गटाने कोबाल्ट, निकेल आणि लोखंडाच्या नॅनोकणी ऑक्साइडमध्ये ग्रॅममागे ७०० मिलिअँपिअर-तास मिळवले. खळबळ उडाली, शेकडो निबंध आले. पण चार्ज करायला लागणारा दाब आणि परत मिळणारा दाब यांतली दरी काही मिटली नाही. मोडून पुन्हा बांधल्या जाणाऱ्या या ऑक्साइडमध्ये जुनी बांधणीच राहत नाही, तिथे खोटीची जागा ठरवून काय करणार?

टिकलं ते न मोडणारं ऑक्साइड. लिथियम टायटॅनेट, ज्याच्या स्पिनेल रचनेत टायटॅनियमच्या दर ६ जागांपैकी एका जागी लिथियमच बसलेलं असतं. १९८९ मध्ये कोलबो, डान आणि हेरिंग यांनी त्यात लिथियम घालून पाहिलं होतं. १९९५ मध्ये जपानच्या त्सुतोमु ओझुकु यांनी मोजमाप घेऊन त्याला 'शून्य-ताण' पदार्थ म्हटलं, कारण लिथियम आत गेलं तरी स्फटिकाचं आकारमान जवळजवळ बदलतच नाही. साठवण १७५, म्हणजे ग्रॅफाइटच्या निम्म्याहूनही कमी. पण दाब १.५५ व्होल्ट, काट्यांची भीती नाही, हजारो फेऱ्यांना खंबीर. तोशिबाने २००८ मध्ये त्याची बॅटरी बाजारात आणली. २०२० पासून धावणाऱ्या एन७००एस शिंकान्सेनमध्ये, भूकंपाने वीज गेली तर गाडी सुरक्षित ठिकाणी नेण्यासाठी याच बॅटऱ्या आहेत. आपल्या शेजारी गुजरातेत हंसलपूरला सुझुकी, तोशिबा आणि डेन्सो यांची बॅटरी कंपनी उभी राहिली, तीही याच घराण्यातल्या बॅटऱ्यांसाठी.

लिथियम टायटॅनेटची अडचण म्हणजे ते पांढरंशुभ्र असतं, वीज वाहून नेत नाही. इथे स्टॉकहोमची निळी भुकटी पुन्हा कामाला आली. २०११ मध्ये अमेरिकेत शाओबो चेन, सॅम्युएल माओ आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोस्फटिक २० बार दाबाच्या हायड्रोजनमध्ये २०० अंश सेल्सिअसला ५ दिवस ठेवले आणि ते कोळशासारखे काळे झाले. त्यांचा रोख सूर्यप्रकाशाकडे होता, पण बॅटरीवाल्यांनी ती युक्ती लगेच उचलली. २०१२ मध्ये हायड्रोजनमध्ये तापवलेल्या लिथियम टायटॅनेटच्या नॅनोतारा आल्या, वेगाने चार्ज होणाऱ्या. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ब्रूस डन आणि सारा टोल्बर्ट यांच्या गटाने मॉलिब्डेनम ऑक्साइडमधून थोडा ऑक्सिजन काढून दाखवलं की रिकाम्या जागांमुळे थरांमधलं अंतर वाढतं आणि लिथियम ये-जा करत असतानाही थर आपली मांडणी सोडत नाहीत.

ही चांगली कामं. पण त्यांच्यामागून 'ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा' हा एक परवलीचा शब्द झाला, आणि मला त्याचं वाईट वाटतं. असंख्य निबंधांत पुरावा म्हणून क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटातलं ५३१ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळचं एक शिखर दाखवलं जातं. ते तंत्र अणूमधून बाहेर फेकलेले इलेक्ट्रॉन मोजतं. रिकाम्या जागेत अणूच नाही, तिथून इलेक्ट्रॉन येणार कुठून? पृष्ठभागावर चिकटलेल्या पाण्याचं आणि हायड्रॉक्सिलचं शिखरही त्याच परिसरात येतं. मॅग्नेली आणि वॉड्स्ली यांनी एकेक अणूची जागा ठरवताना जी काटेकोर मेहनत घेतली, ती आठवली की हा उतावीळपणा टोचतो. शिवाय ऑक्सिजन जास्त ओढून घेतला तर स्फटिक विस्कटतो आणि लिथियमच्या वाटा बंद होतात. किती काढायचा आणि कुठून, यातच सगळं कौशल्य आहे.

वॉड्स्ली-रॉथ घराण्याकडे पुन्हा लक्ष गेलं ते २०११ च्या सुमारास. टेक्सासमधल्या ऑस्टिनला जॉन गुडइनफ तेव्हा ऐंशीच्या घरात होते, नव्वदीकडे झुकलेले. त्यांच्या गटाने टायटॅनियम १, नियोबियम २, ऑक्सिजन ७ असं संयुग ॲनोड म्हणून मांडलं. साठवण कागदावर ३८७, ग्रॅफाइटच्या तोडीची. मग २०१८ चं केंब्रिज. तिथे विशेष होतं ते कणांच्या आकारात. तोवर समजूत अशी की वेग हवा तर कण नॅनो करा, म्हणजे लिथियमला चालायचं अंतरच कमी. नॅनो भुकटी करणं खर्चिक, ती फुलून जागा अडवते. ग्रिफिथ आणि ग्रे यांनी भट्टीत भाजलेली साधी, मायक्रोमीटर मापाची जाड भुकटी वापरली. रॉथ आणि वॉड्स्ली जशी करत तशीच. आणि एनएमआर या तंत्राने चुंबकीय क्षेत्रात लिथियमच्या हालचालीचा थेट माग काढला. नेहमीच्या इलेक्ट्रोड पदार्थांच्या मानाने लिथियम इथे कितीतरी पटींनी वेगात धावत होतं. ४ बाय ५ च्या ठोकळ्यातून उभे बोळ जातात, आणि आठ ऑक्सिजनच्या तुटीने घट्ट झालेल्या कडा ते बोळ चुरगळू देत नाहीत.

ब्राझीलमध्ये मिनास जेराइस राज्यात अराशा नावाचं गाव आहे. जगातलं बरंचसं नियोबियम तिथल्या खाणीतून निघतं, बहुतेक पोलादात जातं. जून २०२४ मध्ये खाण चालवणारी सीबीएमएम कंपनी, तोशिबा आणि जपानची व्यापारी कंपनी सोजित्स यांनी तिथे एक विजेवरची बस लोकांसमोर आणली. तिच्या बॅटरीतला ॲनोड नियोबियम-टायटॅनियम ऑक्साइडचा आहे, इजिमांनी १९७१ मध्ये फोटो काढलेल्या संयुगाचा सख्खा भाऊबंद. साधारण १० मिनिटांत ती चार्ज होते आणि खाणीच्या परिसरात फेऱ्या मारायला निघते.